चहा-कॉफीमुळे शरीरातलं लोह आणि कॅल्शियम खरंच कमी होतं का?

'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतोच,' असं आपल्याकडे गमतीने म्हटलं जातं. सकाळी उठल्यावर चहा, पोह्यांबरोबर चहा, जेवण उरकलं की चहा, पाहुणे आले की चहा आणि ते निघताना 'अर्धा-अर्धा' पुन्हा एकदा. दुसरीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्याच्या मेसेजमध्ये एक इशारा हमखास असतो: चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातली खनिजं बाहेर टाकतं, हाडं ठिसूळ करतं, रक्त कमी करतं.

यात तथ्य किती? थोडं आहे. पण हे मेसेज ज्या गोष्टीची भीती घालतात ती बहुतेकांसाठी किरकोळ आहे आणि ज्या गोष्टीचा ते उल्लेखही करत नाहीत ती जास्त महत्त्वाची आहे. कॅफिनमुळे लघवीवाटे जाणारं कॅल्शियम एक-दोन चमचे दुधाने भरून निघू शकतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र अन्नातलं लोह आतड्यातच अडवून ठेवतो आणि त्यामागे कॅफिन नसतं. ज्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हा फरक समजून घेणं गरजेचं आहे.

थोडक्यात

- कॅफिनमुळे सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे थोडं जास्त जातं. आहार बरा असेल तर हे नुकसान सहज भरून निघतं.
- लोह शोषलं न जाण्याचं कारण कॅफिन नसून चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स ही तुरट द्रव्यं आहेत. त्यामुळे कॅफिन नसलेली कॉफी किंवा दुधाचा चहा घेऊनही हा प्रश्न सुटत नाही.
- चहा सोडण्यापेक्षा जेवण आणि चहा यांच्यात किमान एक तासाचं अंतर ठेवणं जास्त उपयोगाचं आहे.
- लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत.

कॅफिन किडनीत नेमकं काय करतं?

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागांना जाऊन चिकटलं की सुस्ती येते, झोप येऊ लागते. कॅफिनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे ते त्याच जागा अडवून बसतं आणि अ‍ॅडेनोसिनला तिथे शिरकाव मिळत नाही. चहाचे दोन घोट घेतल्यावर तरतरी वाटते ती यामुळे.

अ‍ॅडेनोसिनच्या अशाच जागा किडनीतही असतात. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के पुन्हा रक्तात शोषून घेतात. उरलेली दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. या परत शोषून घेण्याच्या कामात, विशेषतः सोडियम परत घेताना, अ‍ॅडेनोसिनची मदत होते. कॅफिनने ती वाट अडवली की थोडं सोडियम लघवीतच राहतं. सोडियमच्या मागोमाग पाणी जातं आणि त्यांच्याबरोबर थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जातं.

हा परिणाम कप प्यायल्यानंतरच्या काही तासांपुरता असतो. निरोगी प्रौढ माणसाचं यकृत साधारण पाच तासांत निम्म्या कॅफिनचा निकाल लावतं. मात्र हा वेग सगळ्यांमध्ये सारखा नसतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो वाढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो खूप मंदावतो आणि कॅफिन कितीतरी जास्त वेळ अंगात राहतं.

चहा-कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं का?

रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत, नेहमीच्या प्रमाणात, नाही. शरीराला कॅफिनची सवय होते आणि काही दिवसांतच त्याचा लघवी वाढवण्याचा परिणाम बोथट होतो. शिवाय चहाचा कप म्हणजे बहुतांशी पाणीच. जेवढं पाणी पोटात जातं त्यापेक्षा जास्त बाहेर पडत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि वेगळ्या तीन दिवसांत तेवढंच पाणी दिलं. त्यांच्या शरीरातल्या एकूण पाण्याच्या प्रमाणात दोन्ही वेळा लक्षणीय फरक आढळला नाही.

सोडियमच्या नुकसानीची चिंता तर आपल्याकडे बहुतेकांना करावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. लोणचं, पापड, फरसाण आणि वरून घेतलेलं मीठ धरलं तर आपण तो आकडा सहज ओलांडतो.

कॅल्शियम: हिशोब चमचाभर दुधाचा

कॅफिनमुळे हाडं ठिसूळ होतात, या समजाला संशोधनाचा थोडा आधार आहे. कॅफिन घेतल्यावर लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे अनेकदा मोजून पाहिलं गेलं आहे. आतड्यातलं कॅल्शियमचं शोषणही किंचित घटतं.

पण 'वाढतं' आणि 'घटतं' म्हणजे किती, हे पाहायला हवं. अमेरिकेतले हाडांचे अभ्यासक रॉबर्ट हीनी यांच्या गटाने १९९५ साली केलेल्या विश्लेषणात सुमारे १८० मिलिलिटर कॉफीमागे शरीराला जवळपास ४.६ मिलिग्रॅम कॅल्शियमचा तोटा होतो, असं दिसलं. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे एका कपाचा तोटा भरून काढायला चहाचा एक छोटा चमचा दूधही पुरतं. हीनी यांनी २००२ साली या विषयावरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हाही निष्कर्ष तोच होता: पुरेसं कॅल्शियम घेणाऱ्यांच्या हाडांवर कॅफिनचा अपायकारक परिणाम दिसत नाही.

आपला दुधाचा चहा इथे आपोआप फायद्यात राहतो. कपात ५० मिलिलिटर दूध असेल तर त्यातून सुमारे ६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. कॅफिन त्यातलं जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम घालवतं.

अडचण असते ती मुळात कॅल्शियम कमी घेणाऱ्यांची. अमेरिकेत १९९४ साली पाळी थांबलेल्या महिलांचा एक अभ्यास झाला. ज्यांच्या आहारात दिवसाला ७४४ मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅल्शियम होतं आणि ज्या दोन-तीन कप किंवा त्याहून जास्त कॉफी पीत होत्या, त्यांच्या हाडांची झीज जास्त झाली. पुरेसं कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये असा फरक दिसला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दूध-दही कमी, नाचणी किंवा तीळ नाही आणि दिवसभर कोरा चहा, असा आहार असेल तर हाडांची काळजी करायला हवी. तिथेही पहिला उपाय चहा तोडणं नसून कॅल्शियम वाढवणं हा आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली तरी त्यातून जवळपास १८० मिलिग्रॅम पोटात जातं, मग त्यातलं सगळंच शोषलं गेलं नाही तरी.

मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचं काय?

मॅग्नेशियमची गोष्ट कॅल्शियमसारखीच आहे. लघवीवाटे ते थोडं जास्त जातं, पण रोजच्या गरजेच्या तुलनेत हे प्रमाण लहान असतं. पुरुषांना दिवसाला ४४० आणि महिलांना ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. ज्वारी, बाजरी, डाळी, शेंगदाणे आणि हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांना चहामुळे त्याची कमतरता होईल, असं मानायला आधार नाही.

पोटॅशियमच्या बाबतीत कॉफी उलट भर घालते. एका मोठ्या कपातून १०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम मिळतं. किडनीच्या आजारामुळे ज्यांना पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं, त्यांनी म्हणूनच कॉफीचाही हिशोब डॉक्टरांना सांगायला हवा.

धोका असतो तो अतिरेकात. कॅफिन खूप मोठ्या प्रमाणात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं आणि रक्तातली पातळी घसरते. रोज कित्येक लिटर कोला पिणाऱ्यांमध्ये पोटॅशियम घसरून स्नायू लुळे पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिथे कॅफिनबरोबर कोलातल्या प्रचंड साखरेचाही हात असतो. दोन-तीन कप चहा पिणाऱ्यांचा याच्याशी संबंध नाही.

लोह: इथे प्रकरण वेगळं आहे

आतापर्यंतची खनिजं शरीरात जाऊन मग बाहेर पडत होती. लोहाच्या बाबतीत चहा ते शरीरात जाऊच देत नाही.

अन्नातलं लोह दोन प्रकारचं असतं. मटण, चिकन, मासे यांतल्या लोहाचा एक भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या रूपात असतो. तो सहज शोषला जातो आणि चहाने त्याला फारसा फरक पडत नाही. धान्यं, डाळी, पालेभाज्या, गूळ यांतलं लोह दुसऱ्या प्रकारचं. ते मुळातच कमी शोषलं जातं आणि सोबत काय खाल्लं-प्यायलं यावर खूप अवलंबून असतं. शाकाहारी थाळीतलं सगळं लोह या दुसऱ्या प्रकारात येतं. आठवड्यातून एखाद्या वेळी मांसाहार करणाऱ्या घरांतही बहुतेक लोह याच वाटेने येतं.

चहाला तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल्स या लोहाला घट्ट चिकटतात. तयार होणारा संयुग पाण्यात विरघळत नाही, आतड्याच्या पेशी तो शोषू शकत नाहीत आणि तो शौचावाटे निघून जातो. लोह आणि तुरट द्रव्य एकत्र आल्यावर काय होतं, हे स्वयंपाकघरातही दिसतं. लोखंडी विळीवर आवळा चिरला की त्याच्या फोडी आणि विळीचं पातं काळं पडतं. तसंच काहीसं पोटात, अन्नातल्या लोहाचं होतं.

या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच काम झालं आहे.

- १९७५: 'गट' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात भात आणि पाव यांतलं लोह चहामुळे कमी शोषलं जातं, हे दाखवलं गेलं. ज्यांचा आहार मुख्यतः वनस्पतिजन्य आहे त्यांच्यात जेवणासोबतचा चहा लोहाच्या कमतरतेला हातभार लावू शकतो, असा इशारा संशोधकांनी तेव्हाच दिला होता.
- १९८३: अमेरिकेतल्या अभ्यासात एका कप कॉफीमुळे जेवणातलं लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहामुळे ते ६४ टक्क्यांनी घटलं.
- १९९९: पावाच्या जेवणाबरोबर वेगवेगळी पेयं देऊन पाहिली तेव्हा काळ्या चहाने शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी कमी केलं.
- २००८: बंगळुरूच्या संशोधकांनी तरुण भारतीय महिलांचा अभ्यास केला. रक्तक्षय नसलेल्या महिलांमध्ये भाताच्या जेवणाबरोबर एक कप चहा घेतल्यावर शोषण ४९ टक्क्यांनी आणि दोन कप घेतल्यावर ६६ टक्क्यांनी घटलं. रक्तक्षय असलेल्या महिलांमध्येही दोन कपांनी जवळपास तेवढीच घट झाली.

मग दोष कॅफिनचा की चहाचा?

१९९९ च्या अभ्यासातच याचं उत्तर सापडतं. त्यात पुदिन्याचा काढाही होता. पुदिन्यात कॅफिन नसतं, तरी त्याने लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी कमी केलं. कॅमोमाइलच्या फुलांचा चहाही कॅफिनमुक्त असतो. त्यानेही ते ४७ टक्क्यांनी घटवलं. म्हणजे लोह अडवतात ती पॉलिफेनॉल्स, कॅफिन नव्हे.

रोजच्या निवडींसाठी यातून काही गोष्टी स्पष्ट होतात.

कॅफिनमुक्त कॉफी: झोपेसाठी ती चांगली. पण तिच्यातली पॉलिफेनॉल्स बरीचशी तशीच असतात. लोहाच्या दृष्टीने जेवणाबरोबर तीही नकोच.

ग्रीन टी: वजन कमी करण्यासाठी अनेक जण जेवण झाल्या झाल्या ग्रीन टी घेतात. तिच्यात पॉलिफेनॉल्स भरपूर असल्याने लोहासाठी ही सर्वांत गैरसोयीची वेळ आहे.

दुधाचा चहा: दूध घातल्याने चहाचा तुरटपणा जिभेला कमी जाणवतो. लोह अडवण्याच्या गुणात मात्र फारसा फरक पडत नाही, असं त्याच अभ्यासात दिसलं.

गुळाचा चहा: 'गुळात लोह असतं, म्हणून गुळाचा चहा रक्तासाठी चांगला' असं म्हटलं जातं. पण एका कपाला लागणाऱ्या गुळात लोह एका मिलिग्रॅमहूनही बरंच कमी असतं आणि जे असतं ते त्याच कपातल्या पॉलिफेनॉल्सच्या तावडीत सापडतं. चव आवडते म्हणून तो जरूर घ्यावा, औषध म्हणून नको.

चहाचा हाच गुण काही रुग्णांना उपयोगीही पडतो. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात शरीर गरजेपेक्षा जास्त लोह शोषून साठवतं. अशा रुग्णांनी जेवणाबरोबर नियमित चहा घेतल्यास लोह साठण्याचा वेग कमी होतो, असं १९९८ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात आढळलं होतं.

अंतर किती ठेवायचं?

१९८३ च्या अभ्यासात कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतल्यावर लोहाच्या शोषणावर काहीच परिणाम झाला नाही. जेवणानंतर एका तासाने घेतल्यावर मात्र ती जेवणाबरोबर घेण्याइतकीच बाधली. कारण जड जेवण पोटातून आतड्यात उतरायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली नाश्त्याच्या हलक्या खाण्यावर झालेल्या अभ्यासात एका तासाच्या अंतराने चहाचा परिणाम बऱ्याच अंशी टळला.

दोन्हींचा मेळ घातला तर साधा नियम असा निघतो: खाण्याआधी एक तास पुरतो. खाल्ल्यानंतर किमान एक तास थांबावं आणि जेवण भरपेट असेल तर दोन तास. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही जेवणाच्या किमान एक तास आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

दुसरा उपाय म्हणजे क जीवनसत्त्व. बंगळुरूच्या अभ्यासात जेवणाबरोबर क जीवनसत्त्व दिल्यावर लोहाचं शोषण कित्येक पटींनी वाढलं. पोह्यांवर किंवा वरणभातावर ताजं लिंबू पिळणं, जेवणात टोमॅटो-कोबीची कच्ची कोशिंबीर असणं, जेवणानंतर पेरूच्या फोडी खाणं, हे सगळं लोहाच्या बाजूचं आहे. पोह्यांवर लिंबू पिळून सोबत वाफाळता चहा घेणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखं.

महाराष्ट्रात हे जास्त का महत्त्वाचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. आधीच्या फेरीत (२०१५-१६) ते ४८ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ते सुमारे ६९ टक्के आहे.

याचं खापर एकट्या चहावर फोडता येणार नाही. आहारात लोह कमी असणं, पाळीतला रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, बी-१२ आणि फोलेटची कमतरता, विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागातला सिकलसेल, अशी अनेक कारणं आहेत. ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा भरपूर आहे त्यांच्यावर चहाचा दीर्घकाळात फारसा परिणाम दिसत नाही. पण साठा आधीच तळाला गेलेला असेल तर रोज दोन जेवणांतलं लोह अडणं परवडणारं नसतं. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पुरुषांना दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरतं. पाळी येणाऱ्या महिलांना २९ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ज्यांची गरज दीडपट, त्यांनाच अनेक घरांत सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण मिळतं.

तीन सवयींकडे खास लक्ष द्यायला हवं.

चहा-चपातीचा नाश्ता. शेतावर किंवा कामावर निघण्याआधी चहात बुडवून चपाती, भाकरी किंवा बटर खाणं ही अनेकांची न्याहारी आहे. पीठ आणि चहा एकाच घासात असल्याने त्या चपातीतलं लोह जवळजवळ वाया जातं. चहा आधी आणि चपाती नंतर चटणी, उसळ किंवा भाजीबरोबर, एवढा बदलही फायद्याचा आहे.

लहान मुलांना चहा. 'थोडासाच, दुधाचा' म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या बाळालाही बशीत चहा-बिस्कीट दिलं जातं. या वयात लोहाची गरज मोठी आणि पोट लहान असतं. चहाने भूक मारली जाते आणि सोबतच्या खाण्यातलं लोहही अडतं. लहान मुलांना चहा न देणंच योग्य.

चहाबरोबर रक्तवाढीची गोळी. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर महिलांना रोज घेण्यासाठी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मोफत मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती चहाबरोबर गिळली तर तिचा बराचसा उपयोग जातो. पाण्याबरोबर किंवा लिंबूसरबताबरोबर ती घ्यावी. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून या दोन गोळ्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात. गोळीने मळमळत असेल तर ती बंद करण्याआधी आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घेता येते.

दिवसाला किती कॅफिन चालतं?

२०२४ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन जाऊ नये. त्यातच दिलेले अंदाज असे:

- फिल्टर किंवा उकळून केलेली कॉफी, १५० मिलिलिटर: ८० ते १२० मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी, १५० मिलिलिटर: ५० ते ६५ मिलिग्रॅम
- चहा, एक कप: ३० ते ६५ मिलिग्रॅम

म्हणजे दिवसाला तीन-चार कप चहा या मर्यादेत बसतो. टपरीवरचं कटिंग आकाराने लहान असलं तरी पावडर खूप वेळ उकळलेली असते, त्यामुळे ते अगदीच नगण्य धरू नये. एनर्जी ड्रिंकमध्ये भारतीय नियमांनुसार लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. शिवाय ते गारेगार आणि गोड असल्याने झटपट संपतं.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली गरोदर महिलांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. गरोदरपणात कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं आणि बाळापर्यंतही पोहोचतं, हे त्यामागचं कारण आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी चहा घेतला तर?
लोहाच्या दृष्टीने अडचण नाही, कारण तेव्हा पोटात अडवण्यासारखं अन्नच नसतं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी मात्र पोटाचं ऐकावं.

चहा पूर्ण सोडला तर रक्तक्षय बरा होईल का?
केवळ तेवढ्याने नाही. रक्तक्षयावर कारण शोधून उपचार करावे लागतात. चहाची वेळ बदलल्याने आहार आणि गोळ्यांचा परिणाम वाढतो, इतकंच.

आपल्या शरीरात लोह कमी आहे हे कसं कळेल?
सतत थकवा, जिना चढताना धाप, चेहरा फिकट, केस गळणं, माती किंवा खडू खावासा वाटणं ही लक्षणं असू शकतात. गरोदर नसलेल्या महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर महिलांमध्ये ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानला जातो. हिमोग्लोबिन घसरण्याआधीच साठा रिकामा होऊ लागतो. तो फेरिटिनच्या तपासणीतून कळतो.

अचानक चहा-कॉफी बंद केली तर डोकं का दुखतं?
खनिजं कमी झाल्यामुळे नाही. सवय लागलेल्या मेंदूला कॅफिन मिळेनासं झालं की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. प्रमाण हळूहळू कमी केल्यास हा त्रास टळतो.

चहाची घडी कशी बसवायची?

साधारण दिवस असा आखता येतो. सकाळी सातला चहा आणि आठ-सव्वाआठला नाश्ता, त्यावर लिंबू. दुपारी एकच्या जेवणात कोशिंबीर आणि जेवण झाल्यावर चहाऐवजी ताक किंवा पाणी. ताकातलं कॅल्शियमही लोहाचं शोषण थोडं घटवतं, पण चहाइतकं नाही. रात्रीच्या जेवणानंतर चहा-कॉफी नको, म्हणजे झोपही नीट लागते.

आणि दुपारी चारला चहा. जेवणाला तीन तास झालेले असतात आणि रात्रीचं जेवण चार तास लांब असतं. घरोघरी ठरलेली ही वेळ लोहाच्या हिशोबातही दिवसातली सर्वांत योग्य वेळ आहे.